स्नूकरमध्ये मागच्या हाताचे काम: क्यूची पकड आणि फटका कसा सुधारावा

इंदूरमध्ये तासाच्या हिशेबाने टेबल घेऊन स्नूकर खेळणाऱ्या हौशी खेळाडूला पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणारे फटके, का चुकतात असे विचारले, तर तो सहसा नेमाला दोष देतो. अँगल कळत नाही, नजर बसत नाही, लांबचा बॉल नीट दिसतच नाही, अशी उत्तरे मिळतात. माझे मत वेगळे आहे. जो खेळाडू वर्षभर नियमाने टेबलावर येतो, त्याला अँगल पुष्कळसा कळलेला असतो. मात्र पांढऱ्या बॉलवर ज्या जागी टिप, म्हणजे क्यूच्या काठीचे पुढचे टोक, लावायची असे तो मनाशी ठरवतो, त्या जागी ती पोहोचत नाही, आणि याचे कारण बहुधा त्याच्या मागच्या हातात, म्हणजे क्यू धरणाऱ्या हातात सापडते. पुढील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिल्या आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.

स्नूकरचा जन्म १८७५ साली आपल्याच जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते, आणि इंदूरच्या यशवंत क्लबात राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. तरीही राजेंद्रनगर किंवा सुदामानगरातून खेळायला येणारी बहुतेक मराठी मुले हा खेळ एकमेकांकडे पाहून शिकतात. क्लबातील मार्कर नियम सांगतो, स्कोअर चोख ठेवतो, फाउल बरोबर पकडतो. पण समोरच्याने क्यू कशी धरली आहे याकडे लक्ष देणे हे काही त्याचे काम नव्हे. त्यामुळे पहिल्या दिवशी जशी पकड बसली, तशीच ती वर्षानुवर्षे राहते.

आधी दोष तपासावा

पकड बदलण्यापूर्वी ती खरोखरच चुकते आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी टेबलावरील सर्व बॉल बाजूला काढावेत, पांढरा बॉल ब्राउनच्या स्पॉटवर, म्हणजे तपकिरी बॉलच्या ठरलेल्या ठिपक्यावर, ठेवावा आणि ब्लू, पिंक व ब्लॅक यांच्या स्पॉटवरून जाईल अशा बेताने तो सरळ वरच्या कुशनवर, म्हणजे ब्लॅककडच्या रबरी कडेवर, मध्यम वेगाने मारावा. फटका अगदी मध्यावर बसला असेल, तर बॉल त्याच रेषेने परत येऊन जागच्या जागी स्थिर धरलेल्या टिपवर आपटतो. तो परतताना डावीकडे सरकला, तर टिप मध्याच्या डावीकडे लागलेली असते. उजवीकडे सरकला, तर उजवीकडे. बॉलला नकळत मिळालेली फिरकी, म्हणजे साइड, कुशनला लागताच अशी उघडी पडते.

येथे एक अडचण येते. तासाच्या भाड्यावर मिळणारी सगळीच टेबले सपाट नसतात, त्यामुळे बॉल आपल्या हाताने वळला की टेबलाच्या उताराने, हे ठरवणे कठीण जाते. ही शंका दूर करण्यासाठी तोच फटका उलट बाजूने, पिंकच्या स्पॉटवरून खालच्या कुशनकडे मारून पाहावा. दोन्ही टोकांकडून बॉल खोलीच्या एकाच भिंतीकडे सरकत असेल, तर दोष टेबलाचा आहे. दोन्ही टोकांकडून तो खेळाडूच्या एकाच हाताकडे सरकत असेल, तर दोष खेळाडूचा आहे आणि त्याने पुढे वाचावे.

दुसरी तपासणी अधिक कडक आहे. ब्लू आपल्या स्पॉटवर ठेवावा, त्याच्या मागे दोन-अडीच फुटांवर कोपऱ्याच्या पॉकेटच्या सरळ रेषेत पांढरा बॉल ठेवावा आणि मध्याच्या किंचित खाली टिप लावून स्टन शॉट खेळावा. ब्लू आत गेल्यावर पांढरा जागीच थांबला पाहिजे. तो थांबूनही भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत राहिला, तर पॉट झाला असला तरी फटका चुकला आहे असे समजावे. पांढऱ्या बॉलवर चॉकचा, म्हणजे टिपला लावायच्या खडूचा, बारीकसा ठिपका असला की ही फिरकी लगेच दिसते. खेळाडू पॉट झाल्याच्या आनंदात नेमके हेच पाहायचे विसरतात.

पकडीचा आकार

क्यू तळहातात घेऊन मूठ आवळणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. क्यू बोटांवर राहिली पाहिजे. तर्जनी आणि अंगठा मिळून क्यूभोवती एक कडे तयार होते, मधले बोट त्याला आधार देते, आणि अनामिका व करंगळी केवळ स्पर्शापुरती लागलेली असतात. अंगठा व तर्जनी यांच्यामधील बेचकी क्यूच्या बरोबर वर, तिच्याच दिशेत असावी. ती शरीराकडे किंवा बाहेर वळलेली असेल, तर मनगट आधीच पिळलेले आहे. भरलेल्या बादलीची कडी धरून चालताना मनगट जसे कोपराखाली आपोआप सरळ लोंबते, तसे ते येथे लोंबले पाहिजे. फरक इतकाच की बादलीला जोर लागतो आणि सुमारे अर्धा किलो वजनाच्या क्यूला तो जवळजवळ लागतच नाही, कारण तिचा बराचसा भार पुढच्या हाताच्या ब्रिजवरही, म्हणजे टेबलावर रोवलेल्या हाताच्या खाचेवरही, टेकलेला असतो.

जोर किती असावा, हे शब्दांत सांगण्यापेक्षा तपासून घेणे सोपे आहे. शॉटसाठी खाली वाकून स्थिर व्हावे आणि मित्राला बटचे, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाचे, टोक धरून क्यू हळूच गोल फिरवायला सांगावी. ती थोड्या विरोधाने बोटांत फिरली, तर जोर योग्य आहे. फिरलीच नाही आणि तिच्याबरोबर कोपरही हलले, तर पकड घट्ट आहे. मुळीच विरोध न होता ती फिरली, तर पकड सैल आहे आणि जोराच्या शॉटला क्यू हातातून निसटेल.

बटवर हात नेमका कोठे असावा, याचे सर्वांना लागू पडेल असे माप नाही. उंच खेळाडूचा हात बटच्या अगदी टोकाला जातो, बुटक्या खेळाडूच्या हातामागे वीतभर बट शिल्लक राहते. कसोटी एकच आहे: टिप पांढऱ्या बॉलला जवळजवळ टेकलेली असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी काटकोनात असावा. हात फार पुढे धरला, तर टिप बॉलला लागेपर्यंत तो लंबरेषेच्या पुढे जाऊन वर चढू लागतो, बट उचलली जाते आणि टिप खाली दबते. हात फार मागे धरला, तर नेमके उलटे होते. आपला स्टन शॉट कधी स्क्रू होऊन मागे येतो आणि कधी पुढे घरंगळतो, अशी तक्रार असणाऱ्यांनी प्रथम हे अंतर पाहावे.

क्यू दर वेळी एकाच बाजूने धरण्याची सवयही लावून घ्यावी. ॲश लाकडाच्या क्यूवर बाणासारख्या रेषा असतात आणि बऱ्याच क्यूंच्या बटला एका बाजूने सपाट काप असतो. त्या रेषा दर वेळी वर किंवा तो काप दर वेळी हाताला ठरावीक जागी लागेल, असे धरले म्हणजे क्यूमध्ये किंचित बाक असला तरी तो रोज एकाच दिशेला राहतो. क्लबच्या क्यू घेणाऱ्यांनी रॅकवरून कोणतीही उचलण्याऐवजी एकच निवडून, शक्य तोवर तीच वापरावी.

पकड हालचालीसोबत बदलते

पकडीबद्दल सांगताना लोक ती घट्ट असावी की सैल असावी एवढ्यावरच थांबतात. हा प्रश्नच अपुरा आहे. एकाच शॉटच्या दरम्यान पकड सैलावते आणि पुन्हा मिटते, आणि हे ज्याला साधले त्याची क्यू सरळ चालते.

कोपराखालच्या हाताची हालचाल कोपराभोवती होते, म्हणून तो मागे जाताना कमानीत वर चढतो. चारही बोटे क्यूवर आवळलेली असतील, तर हातासोबत बटही वर चढते आणि क्यूचा समतोल बिघडतो. हात मागे जात असताना करंगळी आणि अनामिका आपोआप उघडू दिल्या, तर क्यू अंगठा व तर्जनीच्या कड्यात राहते आणि जवळपास समांतर मागे जाते. पुढे येताना तीच बोटे पुन्हा मिटत जातात आणि टिप बॉलमधून पार गेल्यावर हात पूर्ण मिटलेला असतो. हे मिटणे मुद्दाम करायचे नाही. बोटे मोकळी असतील तर ते घडते; आठवण ठेवून केले की ते हमखास लवकर होते.

लवकर मिटणे हाच खरा रोग आहे. टिप बॉलला लागण्याच्या क्षणी मूठ आवळली, तर हाताचे स्नायू ताणले जाऊन मनगट आत वळते, बट शरीराकडे ओढली जाते आणि ब्रिजच्या पुढे असलेली टिप उजवीकडे सरकते. पहिल्या तपासणीत बॉल सारखा उजवीकडे परतणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे मूळ येथे असते. ते मग डावीकडे नेम धरून ही चूक भरून काढायला शिकतात, काही काळ पॉटही करतात, आणि जोर बदलला की पुन्हा चुकतात, कारण मूठ किती आवळली जाईल हे प्रत्येक जोराला वेगळे असते.

पूल खेळून स्नूकरकडे वळणाऱ्यांना ही गोष्ट अधिक जाचते, आणि आजकाल इंदूरमधील बहुतेक मुले त्याच वाटेने येतात. पूलचा बॉल सुमारे ५७ मिलिमीटरचा आणि टिप १२-१३ मिलिमीटरची असते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा आणि टिप साधारण साडेनऊ ते दहा मिलिमीटरची. टेबल बारा फुटी असते आणि पॉकेटचे ओठ गोलसर वळलेले असल्यामुळे ओठाला लागलेला बॉल बाहेर फेकला जातो. पूलमध्ये जी चूक पॉकेट पोटात घालते, ती येथे चव्हाट्यावर येते. शिवाय पूलमधील ताठ उभे राहण्याची आणि तर्जनीचे वेटोळे घालून क्यू अडकवण्याची सवयही सोबत येते. स्नूकरमध्ये ती सोडून द्यावी.

पाय, ब्रिज आणि डोके

यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण पकड नीट बसण्यापुरताच त्यांचा येथे संबंध आहे. शॉटची रेषा उभे राहून, बॉलच्या मागून पाहावी. उजवे पाऊल त्या रेषेवर ठेवून मगच खाली वाकावे. डावे पाऊल खांद्याइतके अंतर ठेवून थोडे पुढे आणि बाजूला, गुडघ्यात किंचित वाकलेले असावे. आधी वाकून मग नेम शोधणारा खेळाडू शेवटी मनगट वळवूनच क्यू रेषेवर आणतो, आणि इतक्या मेहनतीने बसवलेली पकड तेथेच बिघडते.

डाव्या हाताची बोटे पसरून त्यांची टोके कापडावर घट्ट रोवावीत आणि अंगठा उचलून तर्जनीच्या बुडाशी खाच करावी. हाताला जोर द्यायचाच असेल, तर तो येथे द्यावा. पुढचा हात रोवलेला असला की मागच्या हाताला सगळे सांभाळण्याची धास्ती राहत नाही. ब्रिज आणि पांढरा बॉल यांच्यात पंचवीस ते तीस सेंटिमीटर अंतर सहसा पुरते.

हनुवटी क्यूला टेकते, पण ती नेमकी मधोमध टेकली पाहिजे असा आग्रह धरू नये. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जागतिक विजेता ठरलेला जो डेव्हिस उजव्या डोळ्याने अधू होता आणि त्याची क्यू डाव्या डोळ्याखालून चालत असे. ज्या डोळ्याने रेषा सरळ दिसते, त्याच्या बाजूला क्यू थोडी सरकली तरी हरकत नाही. मागून पाहिले असता मनगट, कोपर आणि खांदा एका उभ्या रेषेत असणे मात्र आवश्यक आहे. हे स्वतःला दिसत नाही, म्हणून मागे खुर्चीवर मोबाइल टेकवून चित्रण करावे. वीस-पंचवीस शॉटचे चित्रण पाहिले की बाहेर फाकलेले कोपर लपत नाही.

फटका

दोन-तीन वेळा टिप बॉलपाशी नेऊन आणावी, शेवटी ती बॉलजवळ क्षणभर थांबवावी, आणि मग क्यू सावकाश मागे न्यावी. मागे नेण्याची ही गती हौशी खेळाडू सर्वांत अधिक बिघडवतात. क्यू झटक्याने मागे गेली, तर तिला थांबवण्यासाठी मूठ आवळावी लागते आणि बोटे उघडण्याची सारी मेहनत वाया जाते. मागे पोहोचल्यावर पुन्हा निमिषभर थांबावे, नजर पॉट करायच्या बॉलवर न्यावी आणि क्यू वाढत्या वेगाने पांढऱ्या बॉलमधून पार जाऊ द्यावी. बॉलपाशी क्यू थांबवणे आणि बॉल मारून झटकन उठणे या दोन्ही सवयी एकाच उतावीळपणातून येतात. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत डोके खालीच ठेवावे.

जोराचा शॉट आला की सगळे नियम विसरले जातात. जोर मुठीतून काढायचा नसतो. क्यू जास्त मागे नेऊन, तिला वेग घ्यायला जागा देऊन तो मिळवायचा असतो. लांबून स्क्रू करताना बट उचलून बॉलच्या खाली टिप घुसवण्याचा मोह होतो. त्याऐवजी ब्रिजचा हात कापडाशी चपटा करून क्यू शक्य तितकी समांतर ठेवावी, टिपला चॉक नीट लावावा आणि पकड नेहमीपेक्षा सैल ठेवूनच मारावे. पहिल्या काही दिवसांत टिप घसरेल. त्या भीतीने मूठ पुन्हा आवळली जाते, म्हणून टिपचा घुमट गुळगुळीत झाला असेल तर तो खरखरीत कागदाने हलका खरवडून घ्यावा.

पावसाळ्यात ही बाब अधिक सांभाळावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये टेबलाचे कापड हवेतील दमटपणा शोषून घेते, बॉल जड धावतो, आणि खेळाडू नकळत प्रत्येक शॉटला जास्त जोर लावू लागतो. श्रावणात बिघडलेली पकड मग हिवाळ्यात कापड कोरडे व वेगवान झाल्यावरही तशीच राहते. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. घामाने बट निसटू लागली की बोटे आपोआप घट्ट होतात. खिशात सुती रुमाल ठेवून दर खेपेला हात व बट पुसणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे. हाताला टाल्कम पावडर फासण्याची प्रथा मला पसंत नाही. ती कापडावर पडते, क्यूवरील मळ झाकते आणि घामात मिसळून चिकट होते. क्यूचा पुढचा भाग ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा केला, तर ती ब्रिजवरून पुरेशी सरकते. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून थेट टेबलावर येणाऱ्यांनी तर क्यूला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. पाकाचे बोट लागलेली बट धरून मोकळी पकड शिकता येत नाही. मे महिन्यात क्यू बंद गाडीत ठेवू नये, कारण त्या उष्णतेने लाकूड वाकते.

रेस्ट, म्हणजे लांबच्या शॉटला क्यू टेकवण्याचा दांडा, घेऊन खेळताना पकड पूर्ण बदलते. तेथे अंगठा क्यूच्या खाली आणि तर्जनी व मधले बोट वर असते, कोपर बाजूला आडवे उघडते, हनुवटी क्यूपासून वर राहते. रेस्टचा दांडा टेबलावर सपाट टेकवून डाव्या हाताने दाबून धरावा. येथेही मागे नेण्याची गती सावकाशच असावी, आणि एरवीपेक्षा क्यू कमी मागे न्यावी.

सराव कसा करावा

पाय, पकड, ब्रिज आणि नजर हे सर्व एकाच आठवड्यात बदलू पाहणारा खेळाडू महिनाभरात जुन्या सवयींकडे परततो. पहिले काही दिवस केवळ ब्राउन स्पॉटची तपासणी आणि ब्लूचा स्टन शॉट, इतकेच करावे. टेबल घेतल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत, कारण फ्रेम, म्हणजे एक डाव, संपल्यावर सराव करू असे म्हणणारे तो कधीच करत नाहीत. दहांपैकी सात-आठ वेळा पांढरा न फिरता जागीच थांबू लागला, की त्याचे अंतर फूटभर वाढवावे, आणि रेषा तीच ठेवून शक्य तितके मागे जावे. या काळात मुद्दाम साइड देऊन एकही शॉट खेळू नये. नकळत मिळणारी साइड अजून हातात असताना मुद्दाम दिलेली साइड कोणती आणि चुकीची कोणती, हे कळत नाही.

घरी टेबल नसले तरी पकडीचा सराव होतो. जेवणाच्या मेजावर रिकामी काचेची बाटली आडवी ठेवावी आणि तिच्या तोंडात टिप कडांना न लावता पुढे-मागे न्यावी. येथे टिपपेक्षा करंगळीकडे लक्ष द्यावे: क्यू मागे जाताना ती उघडते आहे का, आणि पुढे येताना कोणी न सांगता मिटते आहे का. रात्री उशिरा हा सराव टाळावा, कारण काचेचा आवाज घरातल्यांना फार काळ सोसत नाही.

नवी पकड लगेच पैज लागलेल्या फ्रेममध्ये उतरवू नये. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा आपल्याकडचा सर्वमान्य रिवाज आहे, आणि शेवटच्या ब्लॅकवर दोनशे-तीनशे रुपये अडकले की चांगल्या खेळाडूचीही बोटे आवळली जातात. अशा फ्रेममध्ये मध्येच कोपर, मनगट, अंगठा असे एकेक तपासत बसल्यास हात आणखी आखडतो. शॉटसाठी वाकण्यापूर्वी मागच्या हाताची करंगळी एकदा क्यूवरून पूर्ण उचलून परत टेकवावी, आणि मग नेहमीसारखे खेळावे.